शहाण्णव ठोके

कलश बोलला आणि आमच्या हॉलमधल्या चाळीस बायकांनी एकदम श्वास रोखला.

आधी नुसती खरखर झाली, रेडिओचं स्टेशन लागत नसताना होते तशी. मग त्या खरखरीतून लांबून घोडा दौडत यावा तसा आवाज आला. थडथड, थडथड, थडथड. तांब्याचा छोटा कलश, त्याच्या तोंडात शेंदूर फासलेला नारळ, आणि शेजारच्या आशाबाईंच्या गरोदर सुनेच्या पोटावर तो कलश टेकवून डोळे मिटून बसलेल्या दामिनीमाई.

"ऐका बायांनो! लेकरू बोलून राहिलं!" माई म्हणाल्या. "दवाखान्यातल्या मशिनीले वीज लागते. माह्या कलशाले फक्त श्रद्धा लागते. डाक्टरच्या हातात सुरी असते, माईच्या हातात कलश. तुमीच सांगा, कोनाकडे जासान?"

"माईकडं!" बायका म्हणाल्या. आशाबाईंनी तर तिथंच डोकं टेकवलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभी होते. घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले. सदतीस ठोके. म्हणजे मिनिटाला एकशे अठ्ठेचाळीस.

दारात उभी होते, कारण आत बसायचं मला कोणी सांगितलं नव्हतं. अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घरी त्या दिवशी माझ्या धाकट्या जावेचं, जुईलीचं डोहाळजेवण होतं. ओटी लेकुरवाळ्या बायका भरतात. माझ्या लग्नाला चार वर्षं झालीत आणि मला मूल नाही. त्यामुळे मोठी सून असूनही माझ्याकडे काम होतं ते पानं वाढण्याचं आणि पाणी देण्याचं. माझे सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तीस वर्षं वकिली केलेले. सासूबाई, कुंदाताई, निवृत्त शिक्षिका. मी स्वतः भौतिकशास्त्रात एम.एस्सी. असं हे घर. आणि या घराच्या हॉलमध्ये सासूबाईंनी बोलावलेल्या माईंचा कलश बोलत होता.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मी जुईलीवर जळत होते. थोडीथोडकी नाही. लग्नाच्या अकराव्या महिन्यात तिला दिवस गेले. सासूबाईंची हिरवी इरकल, जिची घडी मोडायला मला मिळेल असं मी चार वर्षं धरून चालले होते, ती तिच्या अंगावर होती. "काय खावंसं वाटतं गं?" हा प्रश्न दिवसातून सहा वेळा घरात घुमायचा आणि दर वेळी मी कोरडी भांडी पुन्हा पुसायला घ्यायचे. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. मला वाटायचं, मी लपवते आहे.

त्या सकाळी मी तिच्या केसांत फुलांची वाडी माळत होते. आरशात माझ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "ताई, काल दुपारपासून बाळ फारसं हललं नाही गं. रोज सकाळचा चहा झाला की लाथा सुरू होतात. आज काहीच नाही."

नववा महिना लागला होता. मी वाचलेलं होतं. मला माहीत होतं की हे ऐकल्यावर काय करायचं असतं.

मी म्हणाले, "हॉलमध्ये जाऊन सगळ्यांना सांग. अजून लाड होतील."

तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. हेही लिहितेच आहे.

तिनं मग सासूबाईंना सांगितलं. त्या पुरणाला चटका देत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "अगं, नवव्यात जागा कमी पडते पोटात. कसं हलणार? दोन पेढे खा, गोडानं हलते लेकरू. आणि आता माई येऊनच राहिल्या ना, त्या सांगतील."

जुईलीनं दोन पेढे खाल्ले. मग आणखी दोन. पोटावर हात ठेवून ती फुलांच्या झोपाळ्यावर बसून राहिली. ओटीसाठी बायका यायला लागल्या. तेव्हा अकरा वाजले होते.

आता पुन्हा हॉलमध्ये या. आशाबाईंच्या सुनेनंतर सासूबाईंच्या एका मैत्रिणीची भाची पुढं आली. माईंनी तिच्या पोटावर कसलासा थंडगार, पारदर्शक, चिकट लेप लावला, कलश दोन-तीन ठिकाणी फिरवला, आणि पुन्हा टापा वाजल्या. मी पुन्हा मोजलं. एकशे छत्तीस.

इथं माझा पहिला तर्क कोसळला. मी गृहीत धरलं होतं की नारळात स्पीकर असेल आणि माई मोबाईलवरून एकच रेकॉर्डिंग वाजवत असतील. पण रेकॉर्डिंग एकच असतं तर ठोके दोघींचे सारखे आले असते. शिवाय मधेच वेग बदलत होता, पोट हललं की आवाज हरवत होता. म्हणजे आवाज खरा होता. बाळांचाच होता. खरं सांगू? मला जरा वाईटच वाटलं. मला माई खोट्याच ठरायला हव्या होत्या.

मग जुईलीची पाळी आली.

लेप लागला. कलश बेंबीच्या डावीकडे टेकला, उजवीकडे टेकला, खाली सरकला. नुसती खरखर. माईंच्या कपाळावर घाम दिसला. बायका चुळबुळायला लागल्या. कलश जरा कडेला सरकला आणि आवाज आला. पण घोडा नव्हता तो. कोणीतरी जड पावलांनी जिना चढावं तसं. धप्प, धप्प, धप्प.

"आला!" माई सुटल्यासारख्या हसल्या. "पाहा, कसं संथ हाय लेकरू! ध्यान लावून बसलं हाय. मोठा जीव येऊन राहिला तुमच्या घरात, कुंदाताई. असे जीव हलत नाहीत. आता याले डिस्टर्ब करू नका. दवाखान्यात नेसान तं ते चिरतीन आन् काढतीन!"

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जुईलीसुद्धा हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मी मोजत होते. पंधरा सेकंदांत चोवीस. मिनिटाला शहाण्णव.

पोटातल्या बाळाचे ठोके साधारण एकशे दहा ते एकशे साठच्या मधे असतात. शहाण्णव हे बाळाचं काम नाही. मग कोणाचं? माझे पाय चौकट ओलांडून हॉलमध्ये कधी आले ते मला कळलं नाही. मी झोपाळ्याजवळ गेले आणि जुईलीचं मनगट धरलं. नाडी लागली. माझ्या बोटाखाली ठोका आणि कलशात धप्प. बोटाखाली ठोका, कलशात धप्प. एकही मागंपुढं नाही.

"हे बाळाचे ठोके नाहीत," मी म्हणाले. "हे जुईलीचेच आहेत. कलशात बाळाचा आवाज येतच नाहीये."

मग माई माझ्याकडे बघून गोड हसल्या.

"तू मोठी सून ना? लेकरू नाही ना तुले?"

मी जुईलीचं मनगट सोडलं नाही.

"मी आल्या आल्या वळखलं. या घरात कोनाची तरी नजर हाय. बायांनो, लेकरू पोटात काहून थंड होते माहीत हाय? घरातलं कोनी जळत असन ना, तं ते आतल्या आत आंग चोरते!"

चाळीस जोडी डोळे माझ्यावर. सगळ्यात वाईट काय होतं, तर माई खोटं बोलत नव्हत्या. मी जळत होतेच. क्षणभर मला खरोखर वाटलं की हे मीच केलं असेल.

"देवश्री, तू आत जा," सासूबाई म्हणाल्या. "आज तरी."

पण माझं लक्ष त्या लेपावर गेलं. काचेसारखा, थंड, चिकट. असा लेप मी पाहिला होता, मूल का होत नाही ते शोधताना, माझ्याच पोटावर, सोनोग्राफीच्या टेबलावर, तीनदा. तो कशासाठी असतो हे मला पक्कं ठाऊक आहे. सोनोग्राफीच्या लहरी हवेतून नीट जात नाहीत. कातडी आणि यंत्र यांच्यामधे हवेचा पातळ थर राहिला तरी त्या तिथूनच परत फिरतात. म्हणून मधे जेल लावावं लागतं. श्रद्धेला जेल लागत नाही.

"माई, लेप न लावता ऐकवा," मी म्हणाले, आणि पदरानं जुईलीच्या पोटावरचा लेप आणि कलशाचं बूड खसाखसा पुसून टाकलं.

कलश पुन्हा टेकवला. गप्प. खरखरसुद्धा अर्धी.

प्रयोग बरोबर होता. निष्कर्ष मात्र भलताच निघाला.

"पाहा! पाहा!" माई ओरडल्या. "हिचा हात लागला आन् लेकरू मुकं झालं!"

"बाई गं!" आशाबाई किंचाळल्या. दोन बायकांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. जुईलीचा नवरा सोहम दारातून धावत आला. "वहिनी, काय करता हे? आज काहून असं?"

तेव्हा मला कळलं की जिथं माझा हेवाच पुरावा म्हणून धरला जातोय, तिथं मी काहीही सिद्ध करू शकणार नाही. ज्याचा मला हेवा नाही असं पोट पाहिजे. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत होते, काडीसारखे बारीक, पोट पाठीला लागलेलं.

"अण्णा, कलश तुमच्या पोटावर ठेवू द्याल?"

"पुरुषाच्या आंगाले लागला तं कलश बाटते!" माई झटकन म्हणाल्या.

अण्णांनी चष्मा काढला. कोर्टात उलटतपासणीला उठताना ते काढायचे तसा. "बाटू द्या. आणि माई, एवढं सामर्थ्य आहे कलशात, तर माझ्या पोटावर तो गप्पच बसेल की. तुमचंच म्हणणं सिद्ध होईल. हरकत काय?"

अण्णांनी स्वतःच सदरा वर केला. मी माईंच्या डबीतला लेप त्यांच्या बेंबीच्या वर भरपूर चोपडला, माईंच्या मांडीवरून कलश उचलला आणि टेकवला. जरा दाबला. जरा तिरपा केला.

धप्प. धप्प. धप्प. धप्प.

अण्णांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा ठोका सगळ्या हॉलमध्ये वाजायला लागला. मिनिटाला बहात्तर.

मग मागून कोणीतरी म्हटलं, "कुंदाताई, अण्णांले कितवा?"

हॉलमध्ये हशा फुटला. बायका पदर तोंडाला लावून, एकमेकींवर पडून हसायला लागल्या. ज्यांनी मला धरलं होतं त्याही. माई उभ्या राहून काहीतरी शाप देत होत्या, पण ऐकतं कोण! आणि मी, कलश हातात धरून, त्या हशाच्या मधोमध उभी होते. चार वर्षांत पहिल्यांदा सगळं घर माझ्याकडे बघत होतं, जुईलीकडे नाही. फार छान वाटत होतं मला. मी कलश उंच धरला. आता नारळ काढून आतलं यंत्र दाखवायचं, बॅटरी दाखवायची, लहरी म्हणजे काय ते समजावून सांगायचं. भाषण माझ्या ओठांवर आलं होतं.

"ताई."

जुईली झोपाळ्यावरून उतरली होती. फुलांचा बाजूबंद तिनं काढून टाकला होता.

"तुझं नंतर सांग. कलशात काय आहे ते मला नको. माझं बाळ कालपासून हलत नाहीये. मी सकाळीच तुला सांगितलं होतं. मला दवाखान्यात ने."

मी कलश अण्णांच्या हातात दिला.

गल्ली पाहुण्यांच्या स्कूटींनी भरली होती, सोहमची गाडी निघेना. मी कोपऱ्यापर्यंत अनवाणी पळाले आणि रिक्षा घेऊन आले. जुईली मधे, सोहम एका बाजूला, मी दुसऱ्या. वाटेत मी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून एवढंच विचारलं, "कितवा महिना? केव्हापासून कमी वाटतंय? थांबू नका, सरळ लेबर रूमला या."

तिथं भावना सिस्टर होत्या. हिरवी इरकल, फुलं, कपाळावर मळवट बघून त्या म्हणाल्या, "डोहायजेवनातून आल्या का सरळ?" बोलता बोलता त्यांनी पोटाला दोन पट्टे बांधले, यंत्र सुरू केलं. आणि मग ऐकू आला तो खरा घोडा. थडथड, थडथड. एकशे बावन्न.

सोहमनं यंत्रावरच्या आकड्याकडे बोट दाखवलं. "आहे! सिस्टर, आहे ना बाळ? मग सगळं ठीक आहे!"

"नाई," सिस्टर कागदावर उमटणारी रेघ बघत म्हणाल्या. "ठोके हायेत म्हंजे लेकरू आता जित्तं हाय, इतकंच. ते बरं हाय का, हे या रेघेवरून कयते. ही रेघ खालीवर व्हायले पायजे. सपाट चालून राहिली. डाक्टरले बलावते मी."

"माई म्हणाल्या ते संथ आहे म्हणून..." सोहम पुटपुटला. "आईसुद्धा म्हणाली, नवव्यात जागा कमी पडते, म्हणून..."

सिस्टर त्याच्याकडे वळल्या. "कोनं सांगतलं हे तुमाले? दादा, लेकरू बाळंतपनाच्या कया येईपर्यंत हलते. कया सुरू झाल्या तरी हलते. जागा कमी पडली तं हलन्याची तऱ्हा बदलते, लाथेऐवजी ढकलल्यावानी वाटते. पन हलनं कमी होत नाई. कमी झालं, तं त्याले आत काईतरी पुरून नाई राहिलं, असं समजाचं आन् यायचं. तवाच. पेढे खाऊन वाट नाई पाहाची." मग जुईलीच्या केसांवरून हात फिरवत, "तुले कवा वाटलं कमी?"

"काल दुपारी."

"मंग काल दुपारीच याचं होतं ना, बाई."

जुईली माझ्याकडे बघणार, असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. ते जास्त लागलं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भजल कमी झालेलं, नाळेतून बाळाला रक्त पुरेसं जात नव्हतं, बाळाची वाढही मागं पडलेली. त्यांनी घाबरवलं नाही आणि लपवलंही नाही. म्हणाल्या, "अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक बायकांची बाळं तपासणीत ठणठणीत निघतात आणि त्या हसत घरी जातात. तुमच्या बाबतीत तसं नाही. आजच काढावं लागेल."

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं आणि सोळा दिवस तिथंच ठेवलं. सतराव्या दिवशी ती घरी आली.

कलश आम्ही दवाखान्यात गेल्यावर अण्णांनी उघडला. बायकांसमोर, पक्कडीनं. नारळ अर्धा कापून पोकळ केलेला, त्यात छोटा स्पीकर. कलशाच्या बुडाला एक गोल चकती बाहेर डोकावत होती आणि आत बाजारात मिळणारं, घरी बाळाचे ठोके ऐकायचं हातातलं यंत्र, दोन सेलवर चालणारं. ज्या कलशाला वीज लागत नव्हती, त्यात दोन सेल होते. यंत्र खरं होतं. फसवणूक होती ती त्याच्या वापरात. बाळाचा ठोका सापडला तर चमत्कार, नाही सापडला तर आईचाच ठोका ऐकवून "ध्यानस्थ जीव". दोन्हीकडून जीत माईंचीच. अण्णांनी त्याच दिवशी जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांत तक्रार दिली. चाळीसपैकी अकरा बायकांनी साक्ष द्यायची तयारी दाखवली. बाकीच्या जेवून गेल्या. तो कलश उघडला तेव्हा मी तिथं नव्हते, आणि खरं सांगते, त्याचाही मला हेवा वाटला. अण्णांचा.

जुईलीशी मी बोलले ते बाळ घरी आल्यावर. म्हणाले, "सकाळी तू सांगितलंस तेव्हा मला माहीत होतं काय करायचं ते."

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तू आरशात हसलीस ना, तेव्हा."

"मग माझ्याबरोबरच कशी आलीस?"

"त्या सगळ्या घरात मोजणारी तू एकटीच होतीस. माझ्यावर जळ हवं तर. पण मोजत जा."

मी अजूनही जळते. तिच्या मांडीवर ती इवलीशी पोर बघितली की मी पुन्हा कोरडी भांडी पुसायला घेते. पण आता मला एक गोष्ट पुराव्यानिशी माहीत आहे. माझ्या जळण्यानं त्या बाळाचं रक्त कमी झालं नाही. नाळेला माझ्या मनातलं काही कळत नाही. माझ्या जळण्यानं फक्त पाच तास गेले, कारण मी तोंड बंद ठेवलं. नजर लागत नाही. उशीर लागतो.

म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येकीला, आणि प्रत्येकीच्या सासूला, नवऱ्याला, जावेला सांगते. प्रत्येक बाळाची हलण्याची आपली एक रीत असते आणि ती त्याच्या आईइतकी कोणालाच माहीत नसते. इतके वेळा हललं म्हणजे ठीक, असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. रोजच्यापेक्षा कमी वाटलं, वेगळं वाटलं, थांबल्यासारखं वाटलं, तर त्याच वेळी दवाखान्यात फोन करा आणि निघा. उद्याची वाट बघू नका, कार्यक्रम संपायची वाट बघू नका, गोड खाऊन बघू नका. घरच्या यंत्रात ठोके ऐकू आले म्हणून थांबू नका, ते कलशात असो की सुंदर डब्यात. सगळं ठीक निघालं तर आनंदानं परत या, आणि पुन्हा तसंच वाटलं तर पुन्हा जा. तिसऱ्यांदाही जा. तिथं कोणी नाक मुरडलं तरी जा.

आणि सोबतीला कोणी नसेल, फक्त तुमच्यावर जळणारी जाऊ असेल, तर तिलाच हाक मारा. तिच्या मनात काय आहे ते तिचं ती बघून घेईल. ती येईल.